मार्चअखेरचा खड्डा

ऑफिसात मी त्याला साहेब म्हणत होते, अहो-जाहो करत होते. आता माझ्यावर कोणाची सही चालत नाही, म्हणून इथे मी त्याला 'तो' म्हणणार आहे. एवढा सूड फुकटात मिळतोय, तो का सोडायचा?

घरातले म्हणतात, इतकी वर्षं झाली, जाऊ दे ना आता. मी नाही जाऊ देत. क्षमा वगैरे मोठ्या मनाच्या माणसांनी करावी, माझं मन मध्यम आकाराचं आहे. तो जिवंत आहे की गेला, हे मी मुद्दाम विचारलेलं नाही. गेला असेल तर मग मी रागावू कोणावर?

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. नागपुरातल्या एका सरकारी ऑफिसात मी टायपिस्ट होते. आमच्या ऑफिसाकडे हातमागाचं काम होतं आणि मी स्वतः विणकराची मुलगी. त्यामुळे सकाळी घरून जे सोडून निघायचं, तेच दिवसभर कागदावर भेटायचं. घरी माग, सूत, बाबा. ऑफिसात मागधारक, कच्चा माल, लाभार्थी.

युरोपातल्या एका देशानं विणकरांसाठी मदत दिली होती. मदतीची अट अशी, की त्या वर्षाचा पैसा मार्चअखेर संपला पाहिजे. नाही संपला, तर पुढचा हप्ता कापला जाणार. कापला गेला, तर मुंबईहून साहेबाला विचारणा होणार. म्हणून आमच्याकडे जानेवारी लागली की सगळ्यांच्या अंगात यायचं. विणकरांना काय हवंय हा प्रश्न कोणी विचारत नव्हतं. काय केलं म्हणजे पैसा लवकर संपेल, एवढाच प्रश्न होता.

तो पुण्याकडचा. सफारी घालायचा, सोनेरी काड्यांचा चष्मा लावायचा आणि कुठेही बसण्याआधी रुमालानं खुर्ची पुसायचा. आपल्या ऑफिसातली खुर्चीसुद्धा. नियोजनाच्या बैठकीत आमच्या बडे बाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कनी, त्याला सांगितलं, "साहेब, गल्लीगल्लीतून मागणी आहे. समद्याइले सूत पायजे. सुतावाचून माग बंद पडून राहिले."

"सूत वाटायला किती महिने लागतील?" त्यानं विचारलं.

"आता थोडं थोडं वाटा लागते ना साहेब. सा महिने धरा."

"मग ते राहू द्या. महिन्या-दीड महिन्यात काय संपेल ते बोला."

महिन्या-दीड महिन्यात संपण्यासारखी वस्तू एकच निघाली: लोखंडी माग. एक पुरवठादार, एक ऑर्डर, ट्रक भरून माल, की पैसा खलास. लोकांनी सूत मागितलं होतं, त्यांना लोखंड मिळणार होतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आता नवा माग द्यायचा तर घरात जागा हवी. जागेवर तर जुना खड्डा माग. म्हणजे जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं, पायांनी पावड्या दाबायच्या, हातांनी धोटा टाकायचा. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या असंच विणत आले. नागपूरच्या उन्हाळ्यात घरातली तेवढीच एक जागा गार असते. मे महिन्यात आम्ही भावंडं दुपारी त्या खड्ड्याच्या काठाला लागून झोपायचो.

तो म्हणाला, "जुने माग काढा, खड्डे बुजवा, वर सिमेंटची फरशी करा." मग थांबला आणि म्हणाला, "फरशीचाही खर्च धरता येईल की!" त्या अख्ख्या बैठकीत त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा उजेड आला तो तेव्हा.

मी शॉर्टहँड घेत बसले होते. मी म्हणाले, "साहेब, आधी नवे माग तर लागू द्या. मग खड्डे बुजवा."

"बाई, तुम्ही टाइप करा," तो म्हणाला. मी टाइप केलं.

आमच्या घरी माणसं आली ती मार्चच्या पहिल्या आठवड्यात. जो फरशी करू देणार नाही त्याचं, जे थोडंफार सूत मिळायचं त्याचं कार्ड बंद होईल, असं गल्लीत सांगून ठेवलेलं होतं, म्हणून कोणी नाही म्हणालं नाही. बाबांनी मागाची लाकडं सुटी केली, दोरीनं बांधली आणि वर आढ्याला लटकवून ठेवली. खड्ड्याला हळदकुंकू वाहिलं, हात जोडले. मग मुरूम पडायला लागला. आई दारात उभी राहून मजुरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जित्या पोटात माती घालून राहिले हे. भीक नको, पण कुत्रं आवर म्हणा त्या साहेबाले."

"नवा माग येऊन राहिला ना वं," बाबा म्हणाले.

नवा माग आला. आमच्या दारातून आत जाईना, म्हणून चौकट काढली. आत गेला, तर उभा राहीना. आमचं छप्पर कवेलूचं, म्हणजे कौलांचं, उतरतं. मागाचा लोखंडी सांगाडा त्याच्या वर दीड हात. जोडायला आलेला फिटर म्हणाला, कवेलू काढून टाका. आईनं त्याला जे उत्तर दिलं ते मी लिहीत नाही. शेजारी तेच, समोर तेच, अख्ख्या गल्लीत तेच. कारण माग मागवताना कोणी एकाही घराची उंची पाहिली नव्हती. त्याच्या डोळ्यासमोर त्याच्या ऑफिसचं छत होतं, इंग्रजांनी बांधलेलं, ज्याच्याखाली पंखासुद्धा लांब दांडीला लोंबतो.

माग परत वाडीला गेले. अमरावती रोडवरच्या वाडीत ट्रान्सपोर्टवाल्यांची गोदामं आहेत, त्यातलं एक भाड्यानं घेतलं होतं. गोदामाचं भाडं हाही खर्चच. घरोघरी राहिल्या त्या नुसत्या फरश्या. पण कागदावर प्रत्येक घरात एक माग बसला होता, पैसा मार्चअखेर संपला होता आणि उद्दिष्ट पूर्ण झालं होतं. ऑफिसात पेढे वाटले. माझ्या टेबलावर दोन ठेवले होते, ते मी शिपायाला दिले.

बाबांच्या हाताला काम राहिलं नाही. महिनाभर ते फरशीवर बसून राहिले, मग गल्लीतल्या कोणाच्या तरी ओळखीनं वाडीच्या त्याच गोदामावर चौकीदार लागले. ज्या मागांपायी त्यांचा माग गेला, त्यांचीच राखण. सकाळी सायकलनं जायचे, अंधार पडता यायचे. तक्रार नाही, काही नाही. जेवताना एकदा फक्त म्हणाले, "पायाले काही कामच नाही वं दिवसभर." त्या वाक्यानं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या केबिनमध्ये गेले. म्हणाले, "साहेब, आमच्या घरची फरशी फोडायची परवानगी द्या. खड्डा आम्ही खणून घेऊ, आमच्या खर्चानं. बाबा जुना माग लावतील."

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बाई, तुमच्या वडिलांचं उद्दिष्ट साध्य झालेलं आहे. साध्य झालेली गोष्ट उकरायची नसते."

"पण घरात माग नाहीये साहेब."

"परदेशी पाहुणे पाहणीला येणार आहेत. त्याआधी कोणी फरशीला हात लावला, तर शासकीय मालमत्तेचं नुकसान म्हणून मागाची पूर्ण किंमत वसूल करीन. तुमच्या बाबतीत ते सोपं आहे, पगार इथूनच निघतो." मग जरा मऊ आवाजात म्हणाला, "तुम्हा लोकांना फुकट मिळालेल्याची किंमत नसते."

त्या दिवशी मी दात धरला. आमच्या पाच पिढ्यांनी विणलेली लुगडी नेसून यांच्या आज्या-पणज्या नांदल्या असतील, आणि हा मला फुकटाची किंमत शिकवत होता. मी मनाशी म्हणाले, तुझं साध्य मी करते थांब.

पाहुणे एप्रिलात येणार होते ते जूनवर गेले, जूनवरून पुढे. शेवटी पोळ्याच्या आसपासचा आठवडा ठरला. त्यानं मला बोलावून विचारलं, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे स्थानिक सुट्टी दिसतेय. काय असतं?"

"तान्हा पोळा, साहेब," मी म्हणाले. "लहान मुलांचा सण. लेकरं लाकडी बैल घेऊन घरोघरी जातात, लोक त्यांना बोजारा देतात. खाऊ, सुटे पैसे."

"म्हणजे लाभार्थी सगळे घरी सापडतील. छान. त्याच दिवशी नेऊ पाहुण्यांना." गल्लीतल्या समाजमंदिराचं छत उंच होतं. तिथे दोन लोखंडी माग उभे करायचे आणि तेवढेच दाखवून परतायचं, असा त्याचा बेत होता.

मी सांगितलं त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त त्याच दिवशी नागपुरात मारबत निघते, हे मी सांगितलं नाही. काळी मारबत, पिवळी मारबत, म्हणजे राक्षसिणींचे दोन अजस्र पुतळे, त्यांच्यामागे मोहल्ल्यामोहल्ल्याचे बडगे, आणि त्यांच्या पाठी अर्धं नागपूर. वर्षभर ज्यानं ज्यानं छळलं त्याचा पुतळा करायचा, त्याचं नाव घेऊन ओरडत शहरभर मिरवायचा आणि गावाबाहेर नेऊन जाळायचा. तो पुतळा म्हणजे बडग्या. महागाईचा निघतो, रोगाचा निघतो, नेत्याचा निघतो. बडे बाबू तिथेच होते, आणि ते जन्माचे इतवारीचे, मिरवणूक त्यांच्याच भागातून जाते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अडकित्त्यात सुपारी धरली आणि मूग गिळून बसले.

आमच्या गल्लीचा बडग्या दरवर्षी असायचा. त्या वर्षी कोणाचा, हे मी सांगितलं. कापड, बांबू, रद्दी पोरांनी आणली, पण माणूस मी घडवला. सफारीचा रंग मी सांगितला. चष्म्याच्या काड्यांना सोनेरी कागद मी चिकटवला. एका हातात रुमाल दिला, आणि पाय गुडघ्यापर्यंत सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात पुरले. आईनं गळ्यात घालायला जुन्या चपलांची माळ ओवली. ओवताना ती गाणं म्हणत होती, इतकी खूश मी तिला कितीतरी महिन्यांत पाहिली नव्हती.

बाबा कामावरून आले, त्यांनी सायकल भिंतीला लावली आणि पुतळ्याकडे पाहत राहिले. "चांगला झाला," म्हणाले. "पण जित्या माणसाचा नका काढू. त्याच्या कामाचा काढा."

"त्याचं काम म्हणजे तोच आहे," मी म्हणाले. बाबा हात धुवायला गेले.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी जीपमध्ये पुढे ड्रायव्हर आणि तो, मागे मी आणि एक परदेशी मॅडम. पाहुण्यांमध्ये तिच्यासोबत एक पुरुषही होता, पण नागपूरच्या जेवणानं आदल्या दिवशीच त्याला आडवं केलं होतं. इतवारीच्या तोंडाशी जीप अडकली. पुढे माणसं, मागे माणसं, गच्चीवर माणसं. ढोल असे वाजत होते की जीपचा टप थरथरत होता. ड्रायव्हर शांतपणे इंजिन बंद करून म्हणाला, "आता काही होत नाही साहेब. मारबत हाय."

"काय आहे?" तो माझ्याकडे वळला.

मला उत्तर द्यावं लागलं नाही. समोरून आमचा बडग्या येत होता. सफारी, सोनेरी काड्या, हातात रुमाल, पाय सिमेंटात. पोट्टे त्याला डोक्यावर नाचवत होते, बाया गच्चीवरून ओरडत होत्या, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत! फरशीवाल्या साहेबाले घेऊन जा गे मारबत!" जीपजवळ येताच पोरांनी बडग्या वाकवला आणि त्याचं तोंड थेट याच्या तोंडासमोर आणलं. मी मागून पाहत होते. त्याचे कान आधी लाल झाले, मग मानेपर्यंत लाली उतरली. हातातला रुमाल त्यानं घाईघाईनं खिशात कोंबला. सांगते, इतकं सुख मला माझ्या लग्नातही झालं नाही.

मॅडमनं इंग्रजीत विचारलं, हा कोण?

"हा दुष्ट सावकार," तो म्हणाला.

"नो मॅडम," मी म्हणाले. माझं इंग्रजी टायपिस्टचं, पण एवढ्यापुरतं पुरलं. "दॅट इज साहेब."

मॅडमनं पुतळ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, परत पुतळ्याकडे पाहिलं. आणि तिचे डोळे भरून आले. त्यांच्या देशात पुतळा ज्याचा करतात तो थोर माणूस असतो. ती पुढे वाकून त्याचा हात धरून म्हणाली, केवढं प्रेम करतात हो हे लोक तुमच्यावर! चपलांची माळ तिला हारच वाटली असणार. तो हसला. "येस, येस," म्हणाला. "व्हेरी सिंपल पीपल." मॅडमनं फोटो काढले.

मी करायला गेले गणपती आणि झालं माकड.

गल्लीपर्यंत जाणं शक्यच नव्हतं. मॅडमला माग तर दाखवायलाच हवेत, म्हणून कशीबशी जीप वळवून त्यानं वाडी गाठली. गोदामाचं शटर बाबांनी उघडलं आणि सलाम केला. आत एक माग जोडून उभा केलेला होता. मॅडमनं विचारलं, हा विणकर आहे का? तो म्हणाला, "हो, आमचा लाभार्थी." मग बाबांना, "बसा हो, बसा त्या मागावर."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नाही म्हणाले. पण त्यांना वाटलं असणार, पोरीची नोकरी आहे. चौकीदाराची टोपी काढून ते त्या उंच लोखंडी बाकावर चढून बसले. मागावर ना ताणा, ना बाणा, ना एक धागा. "हात चालवा," तो म्हणाला. बाबांनी रिकामा हात चालवला. आयुष्यभर ज्या हातानं काठाची लुगडी विणली, तो हात हवेत इकडून तिकडे जात होता, आणि इकडे तो आपल्या रुमालानं मॅडमसाठी खुर्ची पुसत होता. फोटो निघाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला पाहणीचा अहवाल सांगितला. लाभार्थींनी पारंपरिक पुतळा मिरवून स्वागत केले. लाभार्थी स्वतः मागावर काम करताना आढळले. सर्व माग लाभार्थींच्या घरी सुस्थितीत चालू आहेत. सांगताना तो माझ्या डोळ्यांत बघत होता आणि मी टाइप करत होते. पुढचा हप्ता मंजूर झाला. महिन्याभरानं माझी बदली त्यानं कुहीला केली, रोज एसटीचे हेलपाटे. तो मात्र मदत देणाऱ्या देशाच्या अभ्यास दौऱ्यावर गेला.

पण त्या अहवालाचं शेवटचं वाक्य टाइप करताना माझ्या एक लक्षात आलं. सर्व माग घरोघरी चालू आहेत, हे त्यानंच लिहून दिलं. आता आम्ही फरशी फोडली म्हणून वसुली काढायची, तर कागदावर त्याच फरशीवर माग चालू होता; तो आमच्या घरात कधी उभाच राहिला नाही, हेही त्यालाच लिहावं लागणार. तो माझी बदली करू शकत होता, पण फरशीबद्दल आता त्याला ब्र काढता येणार नव्हता.

अहवाल टाइप केला त्याच आठवड्यातल्या रविवारी बाबा कामावर गेले आणि मी शेजारून दोन सब्बली, म्हणजे पहारी, मागून आणल्या. पहिला घाव घातला तेव्हा फरशीला नुसता चरा पडला. दुसरा त्याच्या नावानं घातला. तिसरा मॅडमच्या फोटोच्या नावानं. आईनं पदर खोचला आणि दुसरी सब्बल घेतली. सिमेंट फुटलं, खाली मुरूम लागला, मुरमाखाली आमची जुनी माती लागली. आम्ही थांबलो नाही. आई शिव्या देत होती, मी टोपली भरत होते. बोलता बोलता आम्ही त्याला त्या खड्ड्यात किती वेळा गाडलं ते सांगत नाही. हाताला फोड आले, फुटले, तरी खणत होतो. मला थकवा येत नव्हता. दिवेलागणीला बाबांची सायकल दारात वाजली.

त्यांनी आत पाहिलं. आम्हाला वाटलं रागावतील, नाहीतर रडतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. बाहेर जाऊन पाय धुतले, पुसले, येऊन काठावर बसले आणि हळूच पाय आत सोडले. पाय लोंबकळत राहिले. ते जरा पुढे सरकले. तरी टेकले नाहीत.

"इतकं खोल काहून खंदलं वं?" त्यांनी विचारलं.

"राग होता," आई म्हणाली.

"रागाले थोडीच बसायचं हाय अथी," बाबा म्हणाले. "मले बसायचं हाय."

ते उठले, बाहेरच्या ढिगातून टोपलंभर माती आणून आत टाकली, खाली उतरून टाचेनं दाबली, परत काठावर बसून पाय सोडून पाहिले. मला त्यांचा भयंकर राग आला. एवढं खणलेलं, त्यातलं बोटभरसुद्धा परत भरायला नको होतं. बाबांनी मान न वळवता हात मागे केला आणि म्हणाले, "आणखी एक टोपलं दे वं पोरी."

मी दिलं नाही. आईनं उचलून दिलं.